पाडवा ते आखाजी: खान्देशात दोस्तांसोबत मासे, भाकरी आणि गार काहीतरी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा झाला की आमच्या आठ जणांच्या कंपूत एकच विषय निघतो. "काय भो, यंदा कधी बसायचं?" बसायचं म्हणजे मासे, भाकरी, काहीतरी गार आणि रात्री साडेअकरापर्यंत त्याच त्या जुन्या गप्पा. मासे आणायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून प्रश्नही माझ्याच दारात येतात. आता पुतणे, भाचे आणि पुण्याहून सुट्टीला आलेले त्यांचे मित्रही तेच विचारायला लागले. दर वर्षी फोनवर तोंड दुखवण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं.

समुद्र कुठे, जळगाव कुठे! खान्देशात माशांची बैठक म्हणजे उगाच हौस नाही का?

हौस तर आहेच. पण मासा म्हणजे पापलेट, हे गणित मुंबईचं. आपल्याकडे तापी आहे. मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत ही बाई ७२४ किलोमीटर चालते, आणि वाटेत आख्खा खान्देश ओलांडते. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा तिला येऊन मिळतात. सातपुड्याच्या बाजूने सुकी, मोर, अनेर, गोमाई. हतनूरचं धरण, वाघूर, गिरणा, प्रकाशा-सारंगखेड्याचे बॅरेज, नवापूर-नंदुरबारकडे घुसलेलं उकाईचं पाणी. या सगळ्या पाण्यात जाळी पडतात. भोई मंडळी पिढ्यान् पिढ्या तापीकाठी मासे धरत आली आहेत.

आणि समुद्रही आपल्याकडे येतोच, फक्त वाळून येतो. आठवडे बाजारात सुकट-बोंबलाची पाटी कुठे बसली आहे, हे विचारावं लागत नाही, नाक सांगतं.

बैठकीला नेमकी कोणती वेळ चांगली?

चैत्र. एप्रिल लागला की दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण रात्री अंगणात बसलं तर वारा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला रात्रीसुद्धा भिंती भट्टीसारख्या तापलेल्या असतात. तेव्हा तळलेला मासा समोर आला तरी हात पुढे जात नाही.

दुसरं कारण पाण्याचं. उन्हाळा लागला की धरणं आटत जातात, मासा कमी पाण्यात गोळा होतो आणि जाळ्यात सहज येतो. तिसरं कारण समुद्राचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. म्हणजे ताजी समुद्री मासळी खायची असेल तर त्याआधीच.

पण तारीख काढताना खरी कसोटी लागते. चैत्र नवरात्र, रामनवमी, मग आमच्यातले दोघं सप्तशृंगीला पायी जातात, धुळ्याकडे एकवीरेची यात्रा असते. चैत्री पौर्णिमेपर्यंत कोणी ना कोणी 'पाळतं'. पौर्णिमेपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, उरले जेमतेम अठरा दिवस. त्यातून एकाचा सोमवार, एकाचा गुरुवार, दोघांचा शनिवार, एकाची चतुर्थी वजा करा. आम्ही दर वर्षी बुधवार, शुक्रवार नाहीतर रविवारी येऊन ठेपतो, आणि तरीही ऐनवेळी कोणाला तरी आठवतं की आज एकादशी आहे.

धरणाचे-नदीचे कोणते मासे घ्यावेत?

बाजारात सगळ्यात जास्त दिसतात ते रोहू, कटला आणि मृगळ. धरणांत दर पावसाळ्यात मच्छीमार सोसायट्या याच तिघांची बोटुकली सोडतात, म्हणून हे कायम मिळतात आणि परवडतात. कटल्याचं डोकं मोठं. ज्याला डोक्याचा रस्सा आवडतो त्याच्यासाठी कटलाच. रोहू तळायला बरा. मृगळ चवीला गोड, पण काट्यांनी जीव खातो. गप्पा मारत खायचा मासा नव्हे तो.

माझं मत विचाराल तर बैठकीला मरळ आणा. मांस घट्ट, बारीक काटे नाहीत, रस्श्यात फुटत नाही. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, त्यामुळे बाजारात टोपात जिवंत वळवळणारी मिळते. ताजेपणाची त्याहून मोठी खात्री कोण देणार? महाग असते, खरं आहे. आम्ही थोडी मरळ आणि बाकी रोहू, असं पातळ करून भागवतो.

वाम मिळाली तर सोडू नका. सापासारखी दिसते म्हणून अर्धी मंडळी नाक मुरडतात, तेवढीच आपल्या वाट्याला जास्त. शिंगाळाही छान, खवले नसतात, साफ करायला सोपा. नदीचे झिंगे नशिबात असतील तर सकाळी सहाला काठावर मिळतात. आठपर्यंत संपलेले असतात.

चिलापी आणि पंगस स्वस्त म्हणून खपतात. चिलापी मी घेतो, कुरकुरीत तळली तर मुलं आवडीने खातात. पंगस मात्र मला कापसासारखा लागतो. आणि थाई मांगूर कोणी 'मांगूर, मांगूर' म्हणून गळ्यात मारत असेल तर पुढे चला. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आहे.

नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो. तो कसा घालवायचा?

येतो, खोटं कशाला बोलायचं. उन्हाळ्यात पाणी कमी आणि शेवाळ जास्त, त्यामुळे थोडा अधिकच येतो. तुकडे करून आणले की आधी मीठ आणि हळद चोळा, दहा मिनिटं ठेवा, धुवा. मग चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून पुन्हा पाव तास. आंबटाने तो वास मरतो. पोटाच्या आतली काळी पातळ त्वचा आणि पाठीच्या कण्याला चिकटलेलं रक्त खरवडून काढायला कोळणीला सांगा, किंवा स्वतः काढा. निम्मा वास तिथेच असतो. हे करायचा कंटाळा करून वर मुठीने मसाला टाकणारे लोक मी पाहिले आहेत. मग मसाल्याचा चिखल खावा लागतो.

पापलेट, सुरमई, बोंबील आपल्याकडे ताजे मिळतात का?

बर्फातले मिळतात. 'ताजे' हा शब्द ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर वापरावा. मुंबईकडून आणि सुरतेच्या बाजूने मासळी खोक्यांत बर्फ घालून येते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात, वरणगाव आणि दीपनगरच्या कॉलन्यांत बंगाली, दाक्षिणात्य, कोकणी घरं आहेत. त्यांना मासा ओळखता येतो, त्यामुळे तिथल्या विक्रेत्याला फार खोटं बोलून चालत नाही. छोट्या गावात तसा धाक नसतो.

बर्फ नीट असेल तर समुद्री मासळी प्रवास सोसते. माशाच्या बरोबरीने बर्फ लागतो, खोक्यात तळाशी आणि वरही. एप्रिलच्या उन्हात टेम्पो दोन तास धाब्यावर थांबला आणि बर्फाचं पाणी झालं की खेळ संपला.

माझा अनुभव सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी महामार्गावरच्या एका हॉटेलात आम्ही कौतुकाने सुरमई फ्राय मागवली. चव थोडी तिखट-झणझणीत लागली, आम्हाला वाटलं मसाला. अर्ध्या तासात तिघांची तोंडं लालभडक, डोकी ठणकायला लागली, एकाच्या अंगाला खाज. मालक म्हणाला ऊन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, सुरमई, बांगडा, कुपा या जातीचे मासे गरम राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही तळलं तरी जात नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात ओळखीचा विक्रेता असल्याशिवाय सुरमईला आम्ही हात लावत नाही. पापलेटचं तसं भय कमी, पण भाव ऐकून भूक मरते. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. ताटात नसला तरी मान आहेच.

ताजा मासा कसा ओळखायचा? दरवेळी फसतो.

कल्ला उचला. आतून लाल असावा. तपकिरी किंवा पांढुरका असेल तर नको. डोळा फुगीर आणि काचेसारखा हवा. आत गेलेला, धुरकट डोळा म्हणजे मासा परवाचा. बोटाने दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. पोट फुटलेलं नको. आणि विक्रेता कल्ला उचलू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

काही ठिकाणी कल्ल्यांना रंग लावतात. ओला कागद फिरवून पाहा.

पाहुणे येणार आणि ताजा मासा मिळालाच नाही, तर?

तर खरी खान्देशी बैठक होईल. सुकट आणा.

हे मी गमतीने म्हणत नाही. फ्रीज नव्हता, रस्ते नव्हते, तेव्हापासून समुद्र आपल्या घरात येत होता तो सुकट, बोंबील, वाकट्या, क्वचित सोडे या रूपात. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात पत्र्याचा एक डबा असायचा, झाकण घट्ट, आणि तो कपाटात नाही, ओट्याखाली. पावसाळ्याआधी, म्हणजे याच दिवसांत, वर्षाची सुकट भरली जाई. कडक ऊन असल्यामुळे माल आणखी वाळवून ठेवता येतो आणि पावसाळ्यात अळी पडत नाही.

सुकट आधी निवडा. वाळू, शिंपल्याचे तुकडे, कधी दोराही निघतो. मग कोरड्या तव्यावर मंद भाजा, खमंग वास सुटला की पाण्यात टाकून लगेच उपसा. पाण्यात जास्त वेळ ठेवली तर चव पाण्यात जाते. तेलात भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, त्यावर सुकट. वाटलं तर कैरीच्या फोडी. पाच मिनिटांत उतरवा. कोरडी हवी, पाणचट नको. खारट असतेच, मीठ शेवटी चाखून.

बोंबलाचे तुकडे मात्र गरम पाण्यात भिजवून, काटा ओढून काढून, काळ्या मसाल्याच्या रस्श्यात शिजवायचे. सोबत वांगं टाकलं तर आणखी बरं. आमच्यातल्या एकाचं ठाम म्हणणं आहे की भरिताच्या वांग्यात बोंबील घालणं हा गुन्हा आहे. तो भरिताच्या वांग्यांसाठी नाव असलेल्या बामणोदकडचा आहे, त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

एक सूचना: भाजताना खिडक्या उघड्या ठेवा आणि शेजारी शाकाहारी असतील तर आधी सांगा. सांगून शिव्या खाणं न सांगता खाण्यापेक्षा बरं.

माशाचा रस्सा खान्देशी पद्धतीने करायचा तर कोकणाहून वेगळं काय?

ओलं खोबरं नाही. सुकं खोबरं आणि कांदा थेट निखाऱ्यावर भाजायचा, वरून काळा पडेपर्यंत. त्यात लसूण, आलं, कोथिंबीर, नंदुरबारकडची सुकी लाल मिरची, आणि काळा मसाला. वाटण बारीक. तेलात ते तेल सुटेपर्यंत परतायचं, मग गरम पाणी. रस्सा पातळ ठेवा, भाकरी चुरून खायचा असतो तो.

पण मटणाच्या रस्श्याइतका काळा मसाला माशाला घालू नका. निम्मा पुरे. लवंग-दालचिनी वरचढ झाली की मरळ आहे की बोकड, कळत नाही. आंबटपणासाठी कोकण कोकम वापरतं, आपल्याकडे चिंच. चैत्रात मात्र कैरी. सालासकट चार फोडी उकळत्या रस्श्यात टाका, पाच मिनिटांनी माशाचे तुकडे सोडा, आणि मग पळी घालून ढवळू नका. पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवा. आठ-दहा मिनिटांत मासा होतो. झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवला तर आंबट-तिखट माशात मुरतं. हा अर्धा तास आमच्या मंडळींना सगळ्यात जड जातो.

भाकरी कोणती?

कळण्याची. ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेलं पीठ, चिमूटभर मीठ. बाजरी उन्हाळ्यात नको म्हणतात, मला एवढं काही वाटत नाही, पण माशाच्या रस्श्याला कळणाच शोभतो. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, लिंबू. भात आठ जणांत दोनच खातात. एक वाटी तांदूळ पुरे होतात.

धाबा, परमिट रूम, शेत की धरणाचा काठ?

शेत. कोणाच्या तरी मळ्यात विहिरीजवळ, केळीच्या बागेला लागून, खाटा टाकून. संध्याकाळी पाणी सुटलेलं असेल तर तो वारा कुठल्याही एसीपेक्षा बरा. चूल पेटवताना मात्र गव्हाचं काड, कपाशीच्या पळाट्या यांपासून लांब. चैत्रातलं वाळलेलं शेत पेटायला ठिणगी पुरते.

घरचं कोणी राबणार नसेल तर परमिट रूमची 'फॅमिली गार्डन' असते तिथे जावं. बायका-मुली बरोबर असतील तर आधी एकाने जाऊन बसायची जागा, उजेड आणि स्वच्छतागृह पाहून यावं. आमच्या कंपूत दोघी मैत्रिणी आहेत; त्यांनी घातलेली ही अट आहे, आणि त्यांच्यामुळेच आम्हालाही आता बऱ्या जागी बसायला मिळतं.

धरणाचा काठ फोटोत छान दिसतो. हतनूरला एकेचाळीस दरवाजांची रांग आणि पलीकडे पाणी, संध्याकाळी बघत राहावं असं. पण पोटात बिअर असलेला माणूस पाण्याजवळ नको. गाळात पाय रुततो आणि पोहता येणाराही बुडतो. बघा, फिरा, जेवायला दुसरीकडे या.

हायवेवरच्या धाब्यावर बिअर मिळते का?

बहुतेक धाब्यांकडे परवानाच नसतो. त्यातून सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांत हे अंतर २२० मीटर. १ एप्रिल २०१७ पासून ते लागू झालं तेव्हा धुळ्याच्या आजूबाजूचे, सुरत आणि आग्रा रोडवरचे कितीतरी फलक रातोरात उतरले. नंतर शहरांच्या हद्दीत सवलत मिळाली.

'बाहेरून आणा, ग्लास आम्ही देतो' म्हणणारे धाबे असतात. ते बेकायदा आहे, आणि धाड पडली तर धाबेवाल्याबरोबर तुमचंही नाव लागतं. मासे धाब्यावर खायचे असतील तर ताकावर भागवा. शेवभाजी मागवलीत तर ताक दोनदा मागवावं लागेल.

पिण्यासाठी परवाना खरंच लागतो का?

महाराष्ट्रात लागतो. १९४९च्या दारूबंदी कायद्याने दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना हवा. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. परमिट रूमला परमिट रूम म्हणतात ते यासाठीच. वयाची अट बिअर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं. पुतण्याने हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितो.

काही गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केलेली असते. तिथे मळ्यात बसायचं असेल तर बाटली नेऊ नका. गावाचा निर्णय आहे.

नवापूरकडे जेवायला जायचा बेत आहे. काही अडचण?

नवापूरला जा, झिंगे आणि तुरीची डाळ दोन्हींसाठी जा. फक्त गाडीच्या डिकीत काही ठेवून पुढे सरकू नका. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. आणि नवापुरात हद्द कळतही नाही. रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत आहे: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. मध्ये एक बाक आहे, अर्धा इकडे अर्धा तिकडे. त्यावर बसून फोटो काढा आणि परत या.

मोहाची चाखायला मिळेल का?

हा प्रश्न पुण्याची पोरं विचारतात. चैत्रात सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो. बायका-पोरं उजाडायच्या आत वेचायला जातात. भिल्ल, पावरा घरांत ती फुलं वाळवून वर्षभर ठेवतात; भाकरीत, लाडवात घालतात, बियांचं तेल काढतात, आणि दारूचे पहिले थेंब देवाला सांडल्याशिवाय कोणी पीत नाही. ते त्यांच्या घरातलं, सणातलं आहे. पाचशेची नोट दाखवून प्लॅस्टिकच्या बाटलीत आणायची वस्तू नव्हे. हातभट्टीची विक्री बेकायदा आहे, आणि विक्रीच्या मालात मिथेनॉल मिसळलं असेल तर डोळे जातात, जीवही जातो. मोहाची फुलं मात्र जरूर आणा. तुपात परतून गुळाबरोबर खाऊन पाहा.

उन्हाळ्यात बिअर गार असते, मग चांगलीच ना?

गार असते, पण पाणी शरीरातून काढते. दिवसभर उन्हात फिरलेला माणूस संध्याकाळी बिअरने तहान भागवायला गेला की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. आधी दोन तांबे पाणी, मग ग्लास. माइल्ड बिअरमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत, स्ट्राँगमध्ये आठपर्यंत. माशाच्या चवीला स्ट्राँग मारून टाकते. नाशिकची पांढरी वाईन मरळीच्या तळलेल्या तुकड्यांबरोबर छान लागते असं आमच्या एका मैत्रिणीने सिद्ध केलं आहे. दुपारी मात्र काहीच नको.

आणि गाडी. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमच्यात न पिणारा जो आहे त्याला जेवणाचे पैसे माफ आणि कटल्याचं डोकं त्याचं. किल्ल्या आल्या आल्या त्याच्याकडे जमा होतात.

न पिणाऱ्यांसाठी काय ठेवावं?

खरं तर बैठकीतला सगळ्यात चविष्ट ग्लास त्यांचाच असतो. कैरी निखाऱ्यावर भाजून, गर काढून, गूळ, भाजलेलं जिरं, सैंधव आणि किंचित वेलची. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यात तो धुराचा वास नसतो. माठातल्या पाण्यात कालवा. एका वर्षी मी पातेलंभर केलं आणि पिणाऱ्यांनीच संपवलं.

मठ्ठा, लिंबू-सब्जा, रसवंतीवरचा उसाचा रस हे आहेच. रस आणायचा तर शेवटच्या क्षणी आणा, तासाभरात काळा पडतो. सोलकढी करणार असाल तर आमसूल चांगलं हवं. बाजारातल्या गुलाबी पाण्यापेक्षा आपलं ताक बरं.

बर्फ पाहून घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे. निळा बर्फ माशाच्या खोक्याला, पांढरा ग्लासात. पांढराही कुठल्या पाण्याचा आहे हे विचारा. शंका असेल तर माठ आहेच.

माशांवर ताक प्यायलं तर कोड येतं म्हणतात.

येत नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रंगपेशी मारल्याने होतो. मासे-दुधाशी त्याचा संबंध नाही. आमची आजी मात्र माशाच्या दिवशी ताकाचा मडका झाकून ठेवायची. ज्याला पटत नाही त्याने पन्हं घ्यावं. वाद घालून बैठक मोडायची नाही.

चखण्याला काय?

भाजलेले शेंगदाणे, कांदा-लिंबू, उडदाचा पापड, बिबडी, काकडी. पोट भरेल इतकं नको. मासा यायच्या आधी शेवेची पिशवी रिकामी करणारा एक प्रत्येक कंपूत असतो.

एक मित्र माळकरी आहे. त्याला बोलवायचं की नाही?

बोलवायचं. मुक्ताईच्या मुलखात राहून माळकरी मित्र नाही असा माणूस कोण? त्याच्यासाठी वेगळी चूल नाहीतर वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि स्वयंपाक आधी त्याचा. वांग्याचं भरीत किंवा पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा केला की बाकीचेही त्यावर तुटून पडतात, तेव्हा जास्त करा. आमचा माळकरी तासभर बसतो, जेवतो, एक अभंग म्हणतो आणि बाटल्या उघडायच्या आत उठतो. तो गेल्यावर दहा मिनिटं कोणीच काही बोलत नाही.

हिशेब कसा करायचा?

टीटीएमएम. तुझे तू, माझे मी. जेवण सगळ्यांत सारखं वाटायचं, दारू ज्याची त्याने. पूर्वी एकच जण सगळं भरायचा आणि मग वर्षभर ऐकवायचा.

अंदाज म्हणाल तर साफ केलेला मासा माणशी पाव किलो, भाकऱ्या माणशी दोन. अख्ख्या रोहूचं डोकं-पोट जाऊन किलोत सातशे ग्रॅमच्या आसपास हातात येतं, ते धरून घ्या.

शेवटी गोड काय? आमरस चालेल?

आमच्या घरी नाही. आखाजीला पितरांची घागर भरून तिच्यावर आंबा ठेवल्याशिवाय आंबा खायचा नाही, ही रीत खान्देशात अजून बऱ्याच घरांत पाळतात. कैरी चालते, आंबा नाही. का, ते विचारू नका, आईला विचारलं होतं, ती म्हणाली, "त्यांचं आधी, मग आपलं." तेव्हा नदीच्या वाळूतलं टरबूज कापा. सकाळी विहिरीत दोरीने सोडून ठेवलेलं असेल तर उत्तम.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी खावा का?

फ्रीजमध्ये लगेच ठेवला असेल तर खावा, आदल्या रात्रीपेक्षा चांगला लागतो. मळ्यात रात्रभर पातेल्यात राहिला असेल तर नाही; चैत्रातली रात्र माशाला पुरेशी गरम असते. आम्ही उरवतच नाही म्हणा. गेल्या वर्षी दीड भाकरी आणि वाडगाभर रस्सा उरला होता, तो मळ्यातल्या मांजरीने आम्ही खाटा उचलायच्या आत संपवला. यंदा तिची तीन पिल्लं आहेत. मासा अर्धा किलो जास्त सांगितला आहे.